वाचक विचारतात : टाकी भरतच नाही, मग मैला जातो कुठे?

गेल्या अंकात शोषखड्ड्यावर (सांडपाणी जमिनीत जिरवायच्या खड्ड्यावर) एक छोटंसं उत्तर दिलं होतं, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं अख्खं सदर सांडपाण्यालाच द्यायचं ठरवलं. बहुतेक प्रश्न दहा-पंधरा-वीस हजार वस्तीच्या गावांतून आलेत, जिथे ग्रामपंचायतीची नुकतीच नगरपंचायत झालीय, घरं वाढलीत, नळाला पाणी वाढलंय, पण वापरलेलं पाणी पुढे कुठे जाणार हे कुणी बघितलेलं नाही. मी स्वतः २२ वर्षं अशाच गावांच्या पाणी आणि मैला विभागात काम केलंय, त्यामुळे पत्रं वाचताना ती गटारं आणि ते ओढे डोळ्यासमोर येत होते.

प्रश्न : मॅडम, मी आमच्या नगरपंचायतीत पहिल्यांदाच निवडून आलेय. लोकसंख्या साधारण १५ हजार. घरोघरी सेप्टिक टँक आहेत, त्यांचं पाणी उघड्या गटारात आणि गटार ओढ्यात. आता कन्सल्टंटने भुयारी गटार आणि एसटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटचा) मोठा डीपीआर (सविस्तर आराखडा) आणलाय, सभेत सगळे खूश आहेत. पण शेजारच्या गावात असाच प्लांट बांधला आणि वर्षभरात बंद पडला, लाईट बिल परवडेना म्हणतात. मी पाठिंबा देऊ का विरोध करू? – एक नगरसेविका, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, पाठिंबा-विरोध नंतर बघू, आधी एक हिशोब करा आणि तो सभेत फळ्यावर मांडा. माणशी १०० लिटर नळाचं पाणी धरलं तर त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, म्हणजे १५ हजार माणसांचं दिवसाला १२ लाख लिटर. हे झालं मोरीचं, न्हाणीचं, धुण्याभांड्याचं आणि टाकीतून वाहून येणारं पाणी. आता मैल्याचा हिशोब वेगळा करा. साधारण ३ हजार घरं, एका टाकीतून उपसताना सरासरी ३ हजार लिटर निघतात असं धरू, आणि प्रत्येक टाकी ३ वर्षांतून एकदा उपसायची. म्हणजे वर्षाला १ हजार टाक्या, ३० लाख लिटर, कामाचे ३०० दिवस धरले तर दिवसाला १० हजार लिटर. ५ हजार लिटरच्या गाडीच्या दोन खेपा. अख्ख्या गावाचा टाक्यांमधला मैला, रोजच्या दोन खेपांत!

मी हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा दोनदा तपासला होता कारण विश्वास बसेना. आपण १२ लाख लिटरच्या मागे लागून कोट्यवधीचे आराखडे करत बसतो आणि हे १० हजार लिटर, ज्यात रोगराईचा सगळ्यात घट्ट भाग आहे, ते कुठल्या तरी ओढ्यात नाहीतर माळावर रात्री रिकामे होतात. टाकीतल्या मैल्याची घाण गटाराच्या पाण्याच्या १०-२० पट तीव्र असते, कधी त्याहून जास्त. म्हणजे ती एक गाडी ओढ्यात सोडली की तिच्याएवढंच गटाराचं पाणी सोडण्यापेक्षा कितीतरी जास्त नासाडी होते. तुमच्या गावातली गाडी आज कुठे रिकामी होते हे ड्रायव्हरला विचारा, शांतपणे विचारा, तो सांगेल. त्याला दुसरी जागाच दिलेली नसते बिचाऱ्याला.

तुमच्याच जिल्ह्यातलं वाई बघून या. कृष्णाकाठचं गाव, २०११ च्या जनगणनेत ३६ हजारांच्या आसपास वस्ती. तिथे २०१८ पासून पाळीपाळीने टाक्या उपसायचं काम सुरू झालं, म्हणजे घरमालकाने फोन करायची वाट न बघता नगरपालिकेची गाडी वॉर्डावॉर्डात जाते आणि ३ वर्षांत प्रत्येक घराची पाळी येते. त्यासाठी लोकांकडून स्वच्छता कर घेतला आणि उपसलेला मैला नेण्यासाठी रोज ७० हजार लिटर क्षमतेचं मैला शुद्धीकरण केंद्र उभं राहिलं. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरलाही तेवढ्याच क्षमतेचं केंद्र आहे. आणि तुमच्या आकाराला जवळचं उदाहरण हवं असेल तर बंगळुरूच्या विमानतळाजवळचं देवनहळ्ळी, तिथलं केंद्र रोज फक्त ६ हजार लिटरचं, २०१५ मध्ये सुरू झालेलं, पाणी उतारानेच पुढे सरकतं आणि वाळलेला गाळ गावाच्या ओल्या कचऱ्याबरोबर कुजवून खत करतात.

देवनहळ्ळीसारख्या साध्या केंद्रात असतं काय तर, वाळू आणि खडीचे वाफे. गाडी येते, मैला जाळीतून गाळून टाकीत जातो, मग वाफ्यावर वीतभर जाडीचा थर पसरतात. पाणी खाली झिरपतं, ते वेगळं शुद्ध करायचं. वरचा गाळ उन्हात वाळतो, उन्हाळ्यात १०-१५ दिवसांत आटलेल्या तळ्यासारख्या भेगा पडतात आणि फावड्याने उचलला तर पापुद्र्यासारखा सुटतो. वास? पहिले दोन दिवस असतो, नंतर पाऊस पडलेल्या शेतासारखा मातकट. आणि त्या भेगांमधून हमखास टोमॅटोची रोपं उगवतात. टोमॅटोचं बी माणसाच्या पोटातून, टाकीतून, गाडीतून सगळीकडून जसंच्या तसं येतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी वाफ्याच्या कडेला बसून त्या रोपांकडे बराच वेळ बघत राहिले होते. तिथल्या ऑपरेटरने मात्र बजावून सांगितलं, मॅडम याला टोमॅटो आला तरी खायचा नाही, बी जिवंत राहतं तसं जंताचं अंडंही राहतं.

तुमच्या १५ हजार वस्तीला असे वाफे काही गुंठ्यांतच बसतात, पावसाळ्यासाठी वर पारदर्शक पत्र्याचं छप्पर लागतं, आणि तळी, गोदाम, गाडी वळायची जागा धरून अर्धा-पाऊण एकर. एवढी जागा बहुतेक गावांकडे कचरा डेपोलाच लागून असते.

आता भुयारी गटार. ते वाईट असतं असं मी म्हणत नाही. पण पाईपमधून मैला वाहून जायला भरपूर पाणी लागतं, म्हणूनच केंद्र सरकारच्या मॅन्युअलमध्ये भुयारी गटार असलेल्या गावासाठी माणशी १३५ लिटर पाणीपुरवठा धरायला सांगितलाय. तुमच्या नळाला एक दिवसाआड पाणी येत असेल तर उन्हाळ्यात लाईन तुंबणार हे आजच लिहून ठेवा. शिवाय रस्त्यातली मुख्य लाईन ठेकेदार टाकतो पण घरापासून लाईनपर्यंतचं कनेक्शन कोण करणार, खर्च कोण देणार, हे डीपीआरच्या शेवटच्या पानांवर असतं किंवा नसतंच. मग प्लांट १२ लाख लिटरचा आणि येतं २ लाख लिटर, एवढ्यावर पाणी शुद्ध करणारे बॅक्टेरिया जगत नाहीत. बिलाचंही तेच, ब्लोअरवाल्या (पाण्यात हवा सोडणारं यंत्र असलेल्या) छोट्या प्लांटला १२ लाख लिटरसाठी ढोबळ अंदाजाने दिवसाला ४००-५०० युनिट लागतात, तुमचा दर लावून महिन्याचा आकडा काढा आणि पाणीपट्टी किती जमा होते ते शेजारी लिहा.

हे फक्त आपल्या छोट्या गावांचं दुखणं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या यादीत शहरी भारताचं सांडपाणी रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर होतं, शुद्धीकरणाची बसवलेली क्षमता ३१,८४१, आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होतं २०,२३६. म्हणजे बांधलेल्या क्षमतेचा सुद्धा तिसरा हिस्सा रिकामा. प्लांट बांधायला पैसे मिळतात हो, चालवायला कुणी देत नाही.

म्हणून माझा क्रम असा राहील. पहिल्या वर्षी गाडी, पाळीचं वेळापत्रक आणि वाफे. त्याच वर्षी घरोघरच्या टाक्यांची यादी, टाकी कुठे आहे, झाकण आहे का, वर फरशी बसवलीय का (बऱ्याच ठिकाणी टाकीवर स्वयंपाकघर बांधलेलं सापडेल, त्याची तयारी ठेवा). मग ओढ्याच्या तोंडाशी गटारं अडवून ते पाणी तळ्यांमध्ये घ्या. एकामागे एक तीन प्रकारची तळी, पहिलं खोल, दुसरं माणसाच्या उंचीचं, तिसरं उथळ, ऊन-वारा-शेवाळ यांनीच पाणी सुधारतं, यंत्र लागलंच तर एखादा पंप. १२ लाख लिटरसाठी ३-४ एकर जागा लागेल. जागा नाही म्हणणारे भेटतील, तेव्हा त्यांना २० वर्षांचं लाईट बिल दाखवा. तुमच्या गावची जमीन खरंच महाग असेल तर यंत्राचा प्लांट घ्या, पण मग किमान ५ वर्षं चालवायचा ठेका आणि त्या पैशाची सोय त्याच ठरावात झाली पाहिजे, नंतर बघू म्हणाले तर सही करू नका.

प्रश्न : आमच्या घराला १४ वर्षं झाली, सेप्टिक टँक एकदाही उपसली नाही, भरलीच नाही. मिस्त्रीने तेव्हा खाली कोबा केला नव्हता, म्हणाला जमिनीत जिरेल, कायमची कटकट मिटली. शेजारणीची टाकी दोन वर्षांत भरते, ती म्हणते तुमचं नशीब. पण आता आमच्या बोअरच्या पाण्याला उन्हाळ्यात वास येतो. बोअर टाकीपासून २५ फुटांवर. काही संबंध असेल का? – एक गृहिणी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : संबंध असायची शक्यता खूप आहे, आणि हे वाचून झाल्यावर लगेच त्या बोअरचं पाणी प्यायचं बंद करा, तपासणी होईपर्यंत नळाचं किंवा आरओचं प्या.

सेप्टिक टँक म्हणजे साठवायची टाकी नव्हे. नीट बांधलेली टाकी पहिल्या काही दिवसांतच काठोकाठ भरते आणि कायम भरलेलीच असते, जेवढं आत येतं तेवढं पलीकडच्या पाईपने बाहेर जातं. आत तीन थर होतात, वर तेलकट साय, मध्ये गढूळ पाणी, तळाला गाळ. टाकीचं काम एवढंच की गाळ खाली बसू द्यायचा आणि हळूहळू कुजू द्यायचा. ज्या टाकीला तळच नाही तिच्यात थर कसले होणार, सगळं मातीत चाललंय, आणि आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे भेगांचा दगड, त्यातून मैला किती लांब आणि कुठल्या दिशेने जाईल याचा नेम नाही. खड्डा आणि विहीर-बोअर यांच्यात ५०-६० फूट अंतर ठेवा असं सांगतात पण आपल्या दगडात तेवढं पुरेलच याची खात्री मी देणार नाही. २५ फूट तर फारच कमी.

तपासणी सोपी आहे. ग्रामपंचायतीत किंवा आरोग्य केंद्रात एचटूएसची छोटी बाटली मिळते, जलसुरक्षकाला विचारा. पाणी भरून एक-दोन दिवस उबदार जागी ठेवायची, पाणी काळं झालं तर मैल्याचे जंतू असायची दाट शंका. त्याबरोबर प्रयोगशाळेत नायट्रेटही करून घ्या, प्यायच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. नायट्रेट जास्त आलं तर उकळून काही उपयोग नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं, घरात लहान बाळ असेल तर हे फार जपा.

टाकीचं काय करायचं तर उपसून, मैला पूर्ण काढून, तळाला काँक्रीटचा कोबा आणि आतून प्लास्टर, मध्ये आडभिंत, आणि बाहेर पडणारं पाणी बोअरपासून शक्य तेवढं लांब शोषखड्ड्यात. खर्च येईल, पण दुसरा मार्ग मला दिसत नाही.

तुमच्या शेजारणीला माझा निरोप द्या की टाकी दोन-तीन वर्षांत उपसावी लागते हे तिचं दुर्दैव नाही, तिची टाकी नीट काम करतेय. केव्हा उपसायची हे बघायला एक लांब काठी घ्या, खालच्या टोकाला जुना पांढरा टॉवेल गुंडाळा, झाकणातून तळापर्यंत सोडा, पाच मिनिटं थांबा आणि हळू वर काढा. काळा डाग जेवढा वर चढलाय तेवढा गाळ. टाकीच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या पुढे गेला की गाडी बोलवा. हे करताना झाकणावर वाकून आत बघू नका, जवळ काडी-विडी-सिगारेट नको, मुलांना लांब ठेवा. आणि बाजारात जी पावडर मिळते, टाका आणि विसरा म्हणून, तिने गाळ नाहीसा होत नाही. उपसायला लागतंच.

प्रश्न : मैल्याची गाडीवाला म्हणतो तुमच्या उसात फुकट सोडतो, सोनखत आहे. शेजारच्याने घेतलं, ऊस जोरात आला. घेऊ का? – एक शेतकरी, पुणे जिल्हा

उत्तर : दादा, ऊस जोरात येणारच, त्यात नत्र आहे, स्फुरद आहे, त्यात खोटं काही नाही. पण सोनखत हा शब्द आपल्याकडे कुजून माती झालेल्या मैल्यासाठी आहे, गाडीतून पडणारा काळा रस्सा म्हणजे सोनखत नाही. या शब्दामागे मोठी माणसं आहेत. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी हे काम स्वतःच्या हाताने केलं, गोपुरी संडास त्यांचाच. डॉ. मापुसकर १९५९ मध्ये देहूला सरकारी डॉक्टर म्हणून आले ते तिथेच राहिले, अप्पासाहेबांकडून प्रेरणा घेऊन घरोघर संडास उभे केले, संडासाला जोडलेला मलप्रभा बायोगॅस तयार केला. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. या दोघांनीही कच्चा मैला शेतात घाला असं कधी सांगितलं नाही. दोन खड्ड्यांच्या संडासात एक भरला की बंद करून दुसरा वापरायचा, आणि पहिला दीड वर्ष तरी उघडायचा नाही, तेव्हा कुठे आत काळी, भुसभुशीत, वास नसलेली माती मिळते. हाताला चिकटत नाही ती.

कच्च्या मैल्यात जंताची अंडी असतात, ती मातीत महिनोन्महिने टिकतात. उसाला पाणी द्यायला, तोडणीला जी माणसं वाकतात, त्यांच्या पायाला, नखाला ती लागतात, आणि तोडणी टोळीतली लेकरं त्याच सरीत खेळत असतात. तुम्ही ऊस कारखान्याला घालणार, खाणार नाही, हे खरं, पण त्या लेकरांचं काय? शिवाय विहीर शेतातच असेल ना.

म्हणून फुकट असलं तरी नको म्हणा. मैला केंद्रात वाळवलेला आणि ओल्या कचऱ्याबरोबर ढीग लावून तापवलेला असेल (ढीग आतून ५५-६० अंशांवर काही दिवस तापला पाहिजे, हात घातला तर चटका बसेल इतका), तपासणीचा कागद असेल, तर जरूर घ्या, पैसे देऊन घ्या. तरीही मेथी-कोथिंबीर-मुळ्याला नको. फळबाग, ऊस, कपाशी चालेल.

प्रश्न : मी आयटीआय झालोय, छोट्या एसटीपीवर ऑपरेटर आहे. साहेब म्हणतात बिल वाचव, ब्लोअर दिवसाला फक्त ४ तास चालव. आता पाणी काळपट झालंय, वास येतो, आणि तपासणीला कुणी येणार असलं की मला आदल्या रात्री फोन येतो. माझं काय चुकतंय? – एक ऑपरेटर, मराठवाडा

उत्तर : तुझं काही चुकत नाहीये, तू विचारलंस हेच मोठं आहे. (माझ्या मुलाच्या वयाचा असशील म्हणून अरे-तुरे करतेय.)

एरेशन टँकमध्ये, म्हणजे ब्लोअर जिथे हवा सोडतो त्या टाकीत, जे काम करतात ते जीव आहेत, त्यांना श्वास लागतो. ४ तास हवा आणि २० तास गुदमरणं, असं आठ दिवस झालं की हवेवर जगणारे मरतात आणि सडवणारे वाढतात, पाणी काळं पडतं, सडक्या अंड्याचा वास सुटतो. मग तपासणीच्या आदल्या रात्री ब्लोअर कितीही चालवला तरी मेलेले जीव एका रात्रीत परत येत नाहीत, नवीन फौज तयार व्हायला दोन-तीन आठवडे जातात.

मी नोकरीला नवीन होते तेव्हा एका म्हाताऱ्या ऑपरेटरने मला लॅबच्या आधी नाक आणि डोळे वापरायला शिकवलं. रोज सकाळी एकाच वेळी एरेशन टँकमधून एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात पाणी घ्यायचं आणि अर्धा तास हलवायचं नाही. चॉकलेटी रंग, मातीचा वास, पुंजके होऊन खाली बसतोय आणि वर नितळ पाणी, ३०० मिलिच्या आसपास गाळ, म्हणजे तब्येत चांगली. रंग काळा आणि वास सडका म्हणजे हवा कमी. गाळ बसतच नाही, ढगासारखा तरंगतो, म्हणजे गाळ फुगलाय. पांढरा साबणासारखा फेस म्हणजे गाळ अजून कोवळा आहे किंवा कुणीतरी पावडरचं पाणी जास्त सोडलंय. त्याच्याकडे यासाठी एक वही होती, रोजची एक ओळ, तारीख, गाळ किती, रंग, वास, ब्लोअर किती तास. त्याचं शिक्षण सातवी, आणि त्या वहीवरून तो पुढच्या आठवड्यात काय बिघडणार ते सांगायचा.

तशी वही आजपासून सुरू कर. बिल वाचवायचंच असेल तर ४ तास सलग चालवून दिवसभर बंद ठेवण्यापेक्षा टायमर लावून दोन तास चालू एक तास बंद असं बघ, नळकांडं बघत बघत तास कमी-जास्त कर. आणि साहेबांना तोंडी सांगू नकोस, वहीचं पान दाखव आणि लेखी दे. उद्या मासे मेले तर विचारणा तुझ्याकडे होईल, तेव्हा ती वहीच तुझ्या बाजूने बोलेल.

प्रश्न : काळ्या रानात शोषखड्डा पावसाळ्यात भरून वाहतो. काय करावं? – एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : काळी माती ओली झाली की फुगून बंद होते, पाणी पिणारच नाही. माती खणून खाली मुरूम लागेपर्यंत जाता आलं तरच शोषखड्डा करा, नांदेड जिल्ह्यात मध्ये भोकाची टाकी आणि भोवती दगड घालून केलेले खड्डे गावोगाव झालेत, डास कमी झाले म्हणून ते गाजले, ते बघून या. मुरूम फार खोल असेल तर न्हाणीचं पाणी पसरट वाफ्यात सोडा, खाली खडी, वर कर्दळ आणि केळी. कर्दळीला हे पाणी फार मानवतं. संडासाचं पाणी मात्र त्यात अजिबात नको. आणि गटार नसलेल्या वस्तीसाठी स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी माणशी निधी आहे, ५ हजारांपर्यंतच्या गावाला २८० रुपये, त्यावरच्या गावाला ६६०, ग्रामसेवकाला आराखड्यात नाव आहे का विचारा.

प्रश्न : मी मैल्याच्या गाडीवर हेल्पर आहे. खाली गाळ घट्ट बसला की पाईप ओढत नाही. मालक म्हणतो दोन मिनिटं आत उतरून फावड्याने हलव, तोंडाला रुमाल बांध. मागच्या महिन्यात उतरलो, गरगरलं, कसाबसा वर आलो. घरी सांगितलं नाही. मॅडम, हे बरोबर आहे का? – नाव देऊ नका

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. उतरू नका. यापुढे कधीच नाही, दोन मिनिटं नाही, कंबरेपर्यंत नाही, नुसतं डोकं घालूनही नाही.

त्या गाळात सडक्या अंड्याच्या वासाचा वायू अडकलेला असतो. फावडं मारलं, पायाने ढवळलं की तो एकदम सुटतो. थोडा असतो तोवर वास येतो, जास्त झाला की नाकाला वासच कळेनासा होतो, माणसाला वाटतं गेला वास आणि पुढच्या एक-दोन श्वासांत तो कोसळतो. रुमालाने किंवा साध्या मास्कने हा वायू अडत नाही. तुम्हाला गरगरलं म्हणजे तुम्ही अगदी काठावरून परत आलात. आणि आत कुणी पडला तर त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, बातम्यांमध्ये एका टाकीत तिघं-चौघं गेले असं वाचतो ना, ते असंच होतं. दोर बाहेरून बांधलेला नसेल, हवेची बाटली नसेल तर जवळचा माणूस असला तरी मागे उतरायचं नाही, १०१ ला फोन करायचा आणि झाकणं उघडी टाकून लोकांना लांब करायचं.

गाळ घट्ट असेल तर वरूनच हलवायचा. झाकणं उघडून बराच वेळ सोडा, वरचं पाणी थोडं परत टाकीत मारा, जेटचं पाणी असेल तर जेट, नसेल तर लांब बांबूने वरून फोडा, ढवळा, मग ओढा. तरीही निघत नसेल तर तेवढा राहू द्या, मालकाला सांगा परत येऊ.

कायदा तुमच्या बाजूने आहे. हाताने मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणं गुन्हा आहे, पहिल्यांदा २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हे मालकाला लागू होतं, उतरणाऱ्याला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. तक्रारीसाठी १४४२० हा नंबर आहे. आणि नगरपालिकेत जाऊन सफाई कामगारांसाठीच्या नमस्ते योजनेत तुमचं नाव नोंदवलंय का ते विचारा, त्यात सुरक्षेचं किट आणि आयुष्मानचं आरोग्य कार्ड मिळतं. एकट्याने जायला अवघड वाटत असेल तर गाडीवरचे सगळे मिळून जा.

आणि आज घरी सांगा. गरगरल्यापासून डोकं दुखतंय, खोकला आहे, डोळे चुरचुरतात, यातलं काहीही असेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना टाकीत उतरलो होतो हे स्पष्ट शब्दांत सांगा, नुसतं चक्कर आली असं नका सांगू. त्यानंतर काय झालं ते मला कळवा, मी वाट बघतेय.